आजारी मुलांच्या शिबिरात एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना पाठवणे सक्तीचे असावे का?

धागालेखक:
टाइप १ मधुमेह (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही आणि ते रोज बाहेरून घ्यावे लागते) असलेल्या मुलांसाठी निवासी शिबिरे भरवण्याची प्रथा जुनी आहे. रुग्णाला इन्सुलिन पहिल्यांदा दिले गेले 1922 मध्ये, आणि 1925 मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे असे शिबिर भरलेही. माझे मत असे, की आपल्याकडच्या प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याने अशा शिबिरात स्वयंसेवक म्हणून काही दिवस राहिलेच पाहिजे. वॉर्डात त्याला हे मूल भेटते ते कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (इन्सुलिन कमी पडल्याने रक्तात आम्ल साठते त्या गंभीर अवस्थेत), धापा टाकत, सलाइन लावलेले. डिस्चार्ज झाला की ते नजरेआड होते. खेळाच्या तासाआधी मुकाट्याने बिस्कीट खाणारे आणि वर्गात इन्सुलिनचे पेन काढायला लाजणारे मूल त्याला दिसतच नाही, आणि तरीही 'डोस चुकवू नका' हे सांगायला तो मोकळा असतो.

एक पालक:
तीव्र असहमती. माझी मुलगी शिबिराला गेली ती तिच्यासारखी मुले भेटावीत म्हणून, कुणाचे शिक्षण व्हावे म्हणून नव्हे. नाश्त्याच्या रांगेत एका विद्यार्थ्याने तिला 'निदान कोणत्या वर्षी झाले, घरात आणखी कोणाला आहे का' असे विचारून साग्रसंगीत हिस्टरी घेतली. वर्षभर दवाखान्यात तेच चालते. शिबिरात तरी तिला सुट्टी हवी.

इंटर्न:
आपला राग रास्त आहे, परंतु माझा अनुभव निराळा आहे. शिबिरात रात्री दोन-तीनच्या सुमारास झोपलेल्या मुलांची साखर तपासावी लागते, कारण दिवसभराच्या धावपळीनंतर ती झोपेत उतरू शकते. बॅटरीच्या उजेडात एका मुलाची साखर 62 आली. सत्तरच्या खाली आली तर पंधरा ग्रॅम साखर द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, हे मला पाठ होते; पण ती पंधरा मिनिटे त्याच्या शेजारी बसून काढणे हे पाठांतरात नव्हते. ग्लुकोजचे पाणी पिता पिता तोच मला म्हणाला, "दादा, आज डोंगर चढलो, रात्रीचे युनिट कमी करायला हवे होते."

वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षक:
प्रसंग सुंदर आहे, परंतु तो सक्तीने घडत नाही. संवाद आणि नैतिकता यांसाठी 2019 च्या अभ्यासक्रमात 'एटकॉम' हे प्रशिक्षण आले आणि अनेक ठिकाणी त्याचे लॉगबुकातील सहीत रूपांतर झाले. शिबिराचेही तेच होईल. शिवाय दीडशेच्या तुकडीला सामावून घेण्याइतकी शिबिरे आहेत कुठे? ज्याला जायचे आहे त्यालाच पाठवावे आणि तेही इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन (साखर फार उतरल्यास ती वाढवणारे औषध) यांचे प्रशिक्षण देऊन.

धागालेखक:
प्रशिक्षणाची अट मान्य आहे, आणि शिबिरात हिस्टरी घेण्यास सक्त मनाई असावी हेही. परंतु सर, आपण होऊन हात वर करतो तो विद्यार्थी मुलांशी आधीच नीट बोलत असतो. ज्याला या अनुभवाची खरी गरज आहे, तो ऐच्छिक यादीत कधीच येणार नाही. त्याचे काय करायचे?

एक पालक:
त्याला माझ्या मुलीच्या खोलीत तर नक्कीच पाठवू नये. त्याने आधी मधुमेहाच्या ओपीडीत, अ‍ॅप्रन न घालता, आमच्या शेजारच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसावे. तिथे बोलणाऱ्या आया पुष्कळ असतात आणि त्यांची ना नसते.