सप्रेसर टी सेलला 'चूक' म्हणायचं का?

फोंड्याची मास्तरीण: काल थर्ड इयरला ट्रेग (रेग्युलेटरी टी सेल, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकाराला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशी) शिकवत होते, एका पोराने लायब्ररीतलं जुनं पुस्तक आणून दाखवलं, त्यात 'सप्रेसर टी सेल' छापलेलं आणि बाजूला कुणीतरी पेन्सिलीने 'चूक' लिहिलेलं. मला ते टोचलं. 1970च्या सुमारास गर्शन आणि कोंडो या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की टी सेल इम्यून रिअ‍ॅक्शन दाबतातसुद्धा, आणि गप्प बसलेल्या उंदराच्या सेल दुसऱ्यात घातल्या की तोही गप्प बसतो. आज आपण वेगळं काय शिकवतो?

म्हापशेकर: मॅडम, नाही पटलं. त्यांची सप्रेसर सीडी8 गटातली, आजची ट्रेग सीडी4 (सीडी म्हणजे सेलवरच्या खुणा, त्यावरून गट पडतात). आणि आय-जेचं काय? त्या सेलची खूण म्हणून सांगितली, उंदराच्या एमएचसीत (रोगप्रतिकाराच्या जीनचा पट्टा) जागापण ठरवली, 1983ला तिथला डीएनए बघितला तर त्या जीनचा पत्ताच नाही! सेल वेगळी काढून दाखवता येत नसताना वर सप्रेसर फॅक्टरचे (त्या सेल सोडतात म्हणे असे दाबणारे पदार्थ) इमले बांधले. पेन्सिलवाला बरोबर आहे.

फोंड्याची मास्तरीण: आय-जे पडलं, मान्य. पण त्याच्यासोबत उंदरात डोळ्यांनी दिसलेलं पण टाकून दिलं ना लोकांनी, राग त्याचा आहे. 1969लाच जपानात उंदराच्या तीन दिवसांच्या पिल्लांचा थायमस (टी सेल घडवणारी छातीतली ग्रंथी) काढला तर माद्यांच्या ओव्हरी नष्ट झालेल्या, म्हणजे थायमसमधून आवर घालणारं काहीतरी येतंय हे उघड होतं. तोच धागा धरून जपानी संशोधक साकागुची चिकटून राहिले. 1995ला त्यांनी सीडी25 खूणवाल्या सेल गाळून उरलेल्या टी सेल न्यूड उंदरांना (थायमस नसलेल्या) दिल्या, थायरॉइड आणि पोटावर हल्ला सुरू, गाळलेल्या वेळेत परत दिल्या तर उंदीर वाचले.

डिचोलीकर: माझ्या आईला हाशिमोटो (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतं तो आजार) आहे, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, चहा अर्ध्या तासाने, म्हणून हे सगळं मन लावून वाचतो. माझं मत म्हापशेकरांकडे. स्कर्फी नावाच्या, जन्मजात बिघाड असलेल्या उंदरांचे नर बघा, कातडी खवल्याखवल्यांची, तीन-चार आठवड्यांत मरतात, का ते 2001ला ब्रंकॉव आणि रॅम्सडेलनी त्यांच्यातलं बिघडलेलं फॉक्सपी3 जीन पकडल्यावर कळलं. पुढे 2003ला तेच जीन ट्रेग घडवतं हे दिसलं आणि वाद मिटला. 2025चं नोबेल या दोघांना आणि साकागुचींना, ते योग्यच.

फोंड्याची मास्तरीण: नोबेलबद्दल तक्रार नाहीच रे. गर्शन 1983लाच गेले, त्यांना यातलं काही बघायला मिळालं नाही, निदान पोरांना त्यांचं नाव तरी माहीत हवं.

म्हापशेकर: नाव शिकवा, पण आय-जेसकट शिकवा.