१० बाय १० च्या खोलीसाठी घरी अकॉस्टिक पॅनल: फोम घेऊ का रॉकवूल?

खिडकीवाला:
मंडळी, डोंबिवलीत राहतो, १० बाय १० ची बेडरूम आहे, तिथे ऑडिओबुकसाठी वाचन रेकॉर्ड करतो. माईक बरा आहे पण आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो, टाळी वाजवली की मागे झिंग्ग करत शेपूट येतं. अंडेवाल्याकडून ट्रे आणून एक भिंत भरली, फरक शून्य, वर आई विचारते पोल्ट्री काढलीस का. आता १ इंची पिरॅमिड फोम स्वस्तात दिसतोय, तो घेऊ का सुताराकडून पॅनल करून घेऊ? आणि खालच्या रिक्षांचे हॉर्न बंद होतील का त्याने?

कानसेन:
हॉर्नचं आधी सांगतो, नाही होणार. पॅनलने खोलीतला आवाज घुमायचा कमी होतो, बाहेरचा अडत नाही, त्याला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधूनच अर्धा हॉर्न आत येतो. रात्री रेकॉर्ड करा, पंखा बंद ठेवा, सुटलात.

१ इंची फोम फक्त वरची फ्रिक्वेन्सी खातो. म्हणजे स, श मऊ होतात आणि खालचा घुमारा तसाच राहतो, आवाज अजूनच डब्यातला वाटतो. शिवाय साधा फोम पेटतो पटकन आणि धूर विषारी. आवाज शोषायला जाडी लागते राव, अंड्याच्या ट्रेला ती कुठून येणार.

रॉकवूल म्हणजे दगडाच्या बारीक तंतूंची गादी, ४८ डेन्सिटीचं मागा (घनमीटरला ४८ किलो), ५० मिमीचे दोन थर एकावर एक. ४ बाय २ फुटी पाइनची चौकट, वरून कापड. कापड तोंडाला लावून फुंकर मारायची, पलीकडे हवा गेली तर चालेल, मांजरपाट मस्त, रेक्झिन अजिबात नको. भिंतीला चिकटवू नका, ३-४ इंच पुढे ठेवा, कारण भिंतीला लागून हवा हलतच नाही आणि रॉकवूल जे शोषतं ते हलत्या हवेतूनच.

आता जागा. सगळे माईकच्या मागे लावतात. तुमचा माईक कार्डिऑइड असेल तर तो मागून जवळजवळ बहिरा असतो, तो बघतो तुमच्याकडे, म्हणजेच तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे. पहिली दोन पॅनल पाठीमागे.

आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी बसू नका. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट असले की ५६ हर्ट्झचा (सेकंदाला ५६ कंपनं) आणि त्याच्या दुप्पट ११२ हर्ट्झचा सूर घुमतो, चौरस खोलीत तर लांबीचा आणि रुंदीचा घुमारा एकाच सुरावर येतो. पुरुषाचा बोलण्याचा सूर तिथेच आसपास, आणि मधोमध ११२ नेमका फुगतो.

माळ्यावरची_गोधडी:
खर्च करायच्या आधी पाठीमागे दोन गोधड्या टाकून बघा, दोरीवर, भिंतीपासून हातभर लांब. मी भाड्याच्या घरात असते, मालक खिळा मारू देत नाहीत, दोन वर्षं असंच चाललंय. साड्यांचं कपाट उघडं टाकलं तरी फरक पडतो खरंच. खालचा घुमारा मात्र नाही जात त्याने.

रंधा_मारतो:
रॉकवूल ब्रेडच्या दातेरी सुरीने छान कापलं जातं. मास्क, हातमोजे, फुल शर्ट पाहिजेच!! मी शहाणपणा करून बेडवर पसरून कापलं, तीन दिवस खाजवत होतो आणि चादर फेकून द्यावी लागली. मागच्या बाजूलाही कापड मारा नाहीतर तंतू गळतात. आणि बाहेरच्या भिंतीला अजिबात टेकवू नका, आमच्याकडे रत्नागिरीला पावसाळ्यात एका पॅनलच्या मागे हिरवी बुरशी धरली होती.

खिडकीवाला:
अपडेट देतो. आधी गोधड्यांनी टेस्ट केली, मग चार पॅनल केली. दोन पाठीमागे, एक डावीकडे, खुर्ची दीड फूट सरकवली. टाळी आता नुसती टप्प. जुनी फाईल लावून ऐकली तर लाज वाटली. आईचं आता नवीन, या गाद्या उन्हात कधी घालायच्या म्हणे. चौथं कुठे लावू?

कानसेन:
डोक्यावर, छताला. नुसतं रॉकवूलच साडेतीन किलो भरतं, वर चौकट, तेव्हा डबल टेप वगैरे नको, स्लॅबमध्ये फास्टनर मारून चार साखळ्यांवर लटकवा. आणि पंख्याच्या पात्यापासून लांब, हे सुताराला आठवणीने सांगा.