हौशी अभ्यासकाचं मत ऐकायचं की हसण्यावारी न्यायचं?

कुळागर: गोव्यातल्या उसगाळीमळच्या कातळचित्रांवरच्या व्याख्यानात एका निवृत्त मास्तरांनी शंका काढली की चक्रव्यूहासारखं ते गोल चित्र गुराख्यांनी बरंच नंतर कोरलं असेल का? वक्ते म्हणाले, "तुमचा विषय कोणता?" सभागृह हसलं, मास्तर खाली बसले. शंकेला उत्तर मिळालंच नाही. अहो, कुशावतीकाठची ही चित्रं १९९३ मध्ये पुरातत्त्व खात्यापर्यंत पोचली ती गावच्या लोकांमुळे! रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या हौशी मंडळींनी उन्हातान्हात फिरून नोंदवली. रिसबूड तर इंजिनिअर. तीच शिल्पं आज आपल्या उसगाळीमळसकट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

चिरेखण: हसायला नको होतं, मान्य. पण जागा दाखवणं वेगळं, काळ ठरवणं वेगळं. जांभ्यात कोरलेल्या रेषेत कार्बन तपासायला सेंद्रिय काही नसतं. मग कोरण्याची पद्धत, शैली, आसपासची दगडी हत्यारं, हेच बघावं लागतं. मास्तरांकडे "मला वाटतं" सोडून काय होतं? असल्या वाटण्यावरच व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक दगड पांडवांचा होतो.

सांगेकर: इतिहासकार म्हणून गाजलेले दामोदर कोसंबी मुळात कोण होते? गणिती! जन्म आपल्या कोसबेंतला, १९०७ चा.

चिरेखण: कोसंबींना दरवेळी साक्षीला बोलावू नका. त्यांनी तक्षशिलेच्या नाण्यांची वजनं घेतली, वापराने नाणं किती झिजतं याचं गणित मांडलं. पदवी दुसऱ्या विषयाची असेल, काम चोख होतं.

कुळागर: मग तोच नियम व्यासपीठालाही लावा. "वीस हजार वर्षं" असं छातीठोक सांगतात, तेही शैलीवरूनच ना? मास्तरांना एवढं तरी विचारायचं, की रेषेत लोखंडी छिन्नीची खूण दिसली का?

रिवणकार: मी तिथलाच. पावसात नदी चढते, कातळावर गाळ बसतो. रेषा नीट दिसाव्यात म्हणून पाणी ओततात, कोणी दगडाने गिरवतातही. कुठली रेष अलीकडे गिरवलेली ते आमचे म्हातारे बोट ठेवून दाखवतील. पण विचारतो कोण?

चिरेखण: रिवणकार, हे फोटो आणि तारखेसकट लिहून ठेवा. छिन्नीच्या खुणेबद्दल तुमच्या म्हाताऱ्यांना मी स्वतः येऊन विचारतो. मास्तरांनाही बोलवा. गुराखी मात्र मला अजून पटलेले नाहीत.