पावसाळ्यात घरी चेहऱ्याचं सीरम? माझं मत: पाण्याचं अजिबात नको

देवगडची_वैदेही
जून लागला की तक्रारी सुरू. कोणाचं सीरम पातळ झालं, कोणाचं तांबूस, कोणाच्या बाटलीत तार धरली. आणि सल्ला ठरलेला: झँथन गम अजून चिमूटभर टाक! गमने जाडपणा येतो, बिघाड थांबत नाही. ताज्या कोरफडीचा गर पातळ होतो तो त्यातली विकरं (एन्झाइम) चिकटपणा तोडतात म्हणून, नाहीतर जंतू लागतात म्हणून. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर पाणी घातलेलं काहीही घरी करू नये. मुठेल (कोकमाच्या बियांचं तेल) आहे, खोबरेल आहे, त्यावर भागवा.

जांभ्याची_विहीर
ताई, सरसकट बंदी कशाला? निम्मा दोष पाण्याचा आहे. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह उतरतं, खाडीलगत क्षारही. व्हिटॅमिन सी अशा पाण्यात विरघळवलं की लोहाच्या अंशानेच त्याचं ऑक्सिडेशन भराभर होतं: आधी पिवळं, मग नारिंगी, मग तपकिरी. उकळून लोह जात नाही. डिस्टिल्ड पाणी घ्या, पीएच (आम्लतेचं माप) 3.5 च्या खाली ठेवा, ऑक्सिडेशन लांबवायला फेरुलिक ॲसिड आणि व्हिटॅमिन ई घाला, बाटली गडद काचेची. कार्बोमरचं (जेल घट्ट करणाऱ्या पावडरीचं) जेल अचानक पाणी होतं तेही बऱ्याचदा क्षारामुळे किंवा पीएच उतरल्यामुळे. आणि चमच्याने मोजणं बंद करा, 0.01 ग्रॅमचा काटा घ्या.

मालवणी_झील
आमची आजी कोरफड तोडून थेट तोंडाक लावी. तिका कधी काय झाला नाय. ह्या सगळा बाटलीत कित्याक भरूचा?

देवगडची_वैदेही
@मालवणी_झील तेच तर म्हणतेय, भाऊ. तोडली, लावली, संपली. आजी ती महिनाभर ठेवत नव्हती. (पान कापल्यावर पिवळा चीक मात्र निथळू द्या, त्याने कातडी चुरचुरते.)

दापोली_केमिस्ट्री
मी दोघांच्याही विरोधात. बाजारातलंही सीरम पाण्याचंच असतं, ते टिकतं प्रिझर्व्हेटिव्हमुळे. फिनॉक्सीइथेनॉल 1 टक्क्यापर्यंत चालतं. सोडियम बेंझोएट घेतलंत तर पीएच 5 च्या खालीच हवा, नाहीतर ते जवळजवळ निकामी. व्हिटॅमिन ई म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह नव्हे. ते तेल खवट होणं लांबवतं, जंतूंना अडवत नाही. हा गैरसमज काही केल्या जात नाही.

पोताचं म्हणाल तर हायलुरॉनिक ॲसिडची (ओलावा धरणारी) पावडर ओतून लगेच ढवळली की साबुदाण्यासारख्या पारदर्शक गुठळ्या होतात. वरून भुरभुरा आणि रात्रभर फ्रिजमध्ये फुगू द्या. झँथन आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाणी. चेहऱ्यावर चोळताना मळ निघाल्यासारख्या वळकट्या येत असतील तर गम जास्त झालाय, किंवा खालचा थर वाळलेला नाही.

आणि वैदेहीताई, तेलही काही सोवळं नाही. मुठेल हळूहळू थंड झालं की रवाळ होतं; पूर्ण वितळवून झटकन थंड करावं लागतं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, मुरुमांच्या चेहऱ्याला तर ते नकोच. ओल्या हाताने बरणीत बोट घातलं की तेलातही बुरशी.

देवगडची_वैदेही
फ्रिज म्हणे! पावसात आमच्याकडे रात्र रात्र लाईट नसते. प्रिझर्व्हेटिव्हचं मान्य, पण किती जणी काटा आणि पीएच पट्टी घेऊन बसणार? आणि घरचंच सीरम होमस्टेच्या पाहुण्यांना विकणाऱ्याही आहेत. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो, कॉस्मेटिक्स रूल्स 2020 मध्ये आहे ते.

जांभ्याची_विहीर
विक्रीबद्दल पूर्ण सहमत. स्वतःपुरतं 20-30 ग्रॅम करणाऱ्यांना मात्र मी अडवणार नाही. वास बदलला, रंग गडद झाला किंवा ड्रॉपरमधून तार आली, तर गाळून वापरू नका, ओतून द्या.

मालवणी_झील
नारळपाण्यात केला तर?

दापोली_केमिस्ट्री
साखर असते त्यात. रात्रीत आंबेल.