मदत हवी आहे: टर्बो बसवला, ३००० च्या वर गाडी खोकते

कृष्णाकाठ
पेट्रोल गाडीला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवलाय. खाली एकदम मख्खन चालते. ३००० आरपीएमच्या वर पाय दाबला की फट् फट् करत खोकते, पेट्रोल संपल्यासारखी. पाय काढला की परत सरळ. प्लग नवे टाकले, फिल्टर बदलला, उपयोग शून्य. एक मिस्त्री म्हणतो पंप गेला, दुसरा म्हणतो कॉइल. रविवारी फोंडा घाटानं मालवणला जायचंय, घरच्यांना शब्द दिलाय. लवकर सांगा. आणि 'टर्बो काढून टाका' हे सांगायला येऊ नका, ते बायको रोज सांगते.

गियरगप्पा
गाडी कुठली? इंजिन कुठलं? टर्बो कुठला, बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) किती, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मूळचाच की बदललाय? 'पोटात दुखतंय, औषध द्या' एवढंच लिहिलंय तुम्ही.

कृष्णाकाठ
स्विफ्ट, जुनी, १.३ पेट्रोल. टर्बो स्विफ्ट डिझेलचाच, भंगारातनं साडेचार हजाराला उचलला. एकाच कंपनीचा आहे, त्यामुळं तो प्रश्न नाही. ईसीयूला हात लावला नाही, उगाच वायरिंगचा घोळ.

जिप्सीवाला
१.३ म्हणजे जी१३बीबी! आमच्या जिप्सी किंगचंच इंजिन, १२९८ सीसी. राव, या इंजिनाला टर्बो लागतच नाही. कॅम बदला, हेडला पोर्टिंग करा, हेडर लावा, फायनल ड्राइव्ह आखूड करा. मी तेच केलंय, घाटात तिसऱ्यात ओढते.

गियरगप्पा
जिप्सीवाले, त्यांनी ते विचारलेलं नाही.
कृष्णाकाठ, 'एकाच कंपनीचा' हे डोक्यातून काढा. ते डिझेल इंजिन मुळात फियाटचं, १२४८ सीसी. त्याचा टर्बो डिझेलच्या धुराच्या हिशोबानं केलेला. पेट्रोलचा एक्झॉस्ट दाबून चालवला की ९०० अंशांच्या आसपास जातो, डिझेलचा त्याहून बराच थंड. पण खोकण्याचं कारण ते नसावं. तुमच्या गाडीत हवा किती आली ते मॅप सेन्सर दाबावरून सांगतो, आणि मूळचा सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजतो. त्याच्या वर तुम्ही कितीही हवा कोंबा, ईसीयूला वाटतं आहे तेवढीच आहे. पेट्रोल तेवढंच पडतं, हवा दीडपट. मिश्रण पातळ होऊन ठिणगी चुकते. पंप बदलून काय होणार?

पिंपरीकर
एवढा उपद्व्याप कशाला? विका आणि कंपनीचा टर्बो घ्या. बलेनो आरएस २०१७ मध्ये आली होती, ९९८ सीसी, १५० न्यूटन मीटर. सेकंडहँड मिळते. फ्रॉन्क्समध्येही तेच घराणं.

कृष्णाकाठ
पैसे तुम्ही देणार का?
आणि कंपनी करते तर आपण का नाही? लिनिया साधी पण होती आणि टी-जेट पण. इंजिन तेच, १३६८ सीसी.

गियरगप्पा
सीसी तेच, आतला माल तोच नव्हे. टी-जेट टर्बो धरूनच बांधलेली होती, पिस्टनपासून ईसीयूपर्यंत, तेव्हा कुठे ११४ घोडे आणि २०७ न्यूटन मीटर. तुम्ही फक्त टर्बोची गोगलगाय आणून बसवलीय.

वकीलसाहेब
तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल याचाही विचार करा.

जिप्सीवाला
रस्त्यावर निम्म्या बुलेटांचे सायलेन्सर काढलेले आहेत, त्यांना आधी पकडा म्हणावं.

वकीलसाहेब
ते पकडले गेले नाहीत म्हणून हे कायदेशीर होत नाही.

अण्णा_मिरज
माझ्या वॅगनआरला सीएनजी आहे. त्याच्यावर टर्बो बसतो का? आणि ॲव्हरेज किती पडेल?

रानवारा
मला तर हा सगळा ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा, प्रताप वाटतो. पंपावर इथेनॉल आल्यापासून माझी ॲक्टिव्हासुद्धा खोकते.

लेथमास्तर
इथेनॉलवर खापर फोडू नका. नॉकिंगला (पेट्रोल अवेळी आपोआप पेटण्याला) ते उलट कमी दाद देतं. तोटा एवढाच, की तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, म्हणजे गियरगप्पा म्हणतात ती तूट अजून वाढते.
कृष्णाकाठ, मला तीन गोष्टी सांगा. इंटरकूलर (टर्बोतनं तापून आलेली हवा थंड करणारी जाळी) आहे का? प्लगचा गॅप (ठिणगी पडते ती फट) किती ठेवला? जुने प्लग जपून ठेवलेत का?

कृष्णाकाठ
इंटरकूलर नाही, पुढं जागाच नाही. गॅप कसला? डब्यातनं काढले, लावले. जुने डिकीत आहेत. तुम्ही लोक प्रश्नच विचारताय, उत्तर कोण देणार?

लेथमास्तर
उत्तर त्या डिकीत आहे. ४१० मिलिबार, म्हणजे सहा पीएसआय, एवढा किरकोळ बूस्ट धरला तरी ३५ अंशांची हवा टर्बोतून ८० च्या वर तापून निघते. इंटरकूलर नाही, मिश्रण पातळ, टायमिंग (ठिणगीची वेळ) मूळचं. अशा वेळी पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आपल्या मनानं पेटतं. गॅप तर बूस्टला कमी करावाच लागतो, ०.७ मिमीच्या आसपास, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते. पण ते नंतर. जुने प्लग उन्हात धरा, पांढऱ्या चिनी मातीवर काय दिसतं ते बघा. कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात आहे ना?

कृष्णाकाठ
नंबर घातलेत मार्करनं. चारही पांढरे फटक. तीन नंबरवर बारीक चमकणारे ठिपके आहेत, मिरपूड भुरभुरल्यासारखे. नखानं निघत नाहीत.

लेथमास्तर
चमकणारे असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. गाडी आत्ताच्या आत्ता बंद करा. मालवण एसटीनं.
टर्बोच्या बाजूला एक गोल डबी असते, तिच्यातून दांडी निघते. त्या डबीला बारीक रबरी नळी कुठून जोडलीय?

कृष्णाकाठ
ती होय? ती कुठं जोडायची कळलं नाही, म्हणून टोकात स्क्रू मारून बंद केली. हवा गळायला नको.

गियरगप्पा
😶

लेथमास्तर
अहो, तीच तर वेस्टगेटची नळी! बूस्ट तिथं पोचला की दांडी सरकते आणि जादा धूर बाजूनं सोडून देते. तुम्ही तिचा गळाच आवळलाय. म्हणजे टर्बोला ब्रेकच नाही. तुमचा बूस्ट सहा पीएसआय सोडा, सोळा असेल. बूस्ट मोजायचं गेज लावलंय का?

कृष्णाकाठ
गेज घ्यायचं होतं पुढच्या महिन्यात.

लेथमास्तर
कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, तपासा. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारा. कमी आलं त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. वाढलं तर रिंगकडं काम, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट.

अण्णा_मिरज
सीएनजीचं कोणीतरी सांगा.

कृष्णाकाठ
मोजलं. एक ते चार नंबर: १७०, १६८, ९५, १६५ पीएसआय. तीन नंबरमध्ये ऑइल घातल्यावर ११८.

पिंपरीकर
म्हणूनच म्हणत होतो, बलेनो आरएस.

कृष्णाकाठ
हेड आणि चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) दोन्ही उतरवलं. तीन नंबरच्या पिस्टनला वरच्या दोन रिंगांमधली पट्टी करंगळीच्या नखाएवढी तुटलीय. तुकडा सापडला नाही. सिलिंडरला उभा ओरखडा आहे, नख अडकतं. लेथवाला म्हणतो चारही बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घाला. आता घालतोच आहे तर टर्बोला चालतील असे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन कुठं मिळतील?

लेथमास्तर
आधी गेज घ्या.

जिप्सीवाला
माझ्याकडे कॅम पडून आहे.