मोठ्या कंपनीची ऑफर: सही करण्याआधी काय काय बघावं?

घाटवाट:
नमस्कार मंडळी. पुण्यात 40 जणांच्या कंपनीत बॅकएंडचं (सर्व्हरच्या बाजूच्या सॉफ्टवेअरचं) काम, अनुभव 4 वर्षं. एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या हैदराबाद ऑफिसची ऑफर आली आहे: मूळ पगार 34 लाख, जॉइनिंग बोनस 6 लाख, शेअर्स 40 लाखांचे, चार वर्षांत मिळणार. सध्या डेटाबेसपासून डिप्लॉयमेंटपर्यंत (कोड सर्व्हरवर चढवण्यापर्यंत) सगळं हाताखालून जातं. तिथे एवढाच एक तुकडा वाट्याला येईल अशी भीती वाटते. उत्तर द्यायला 10 दिवस आहेत. फायदे-तोटे नीट सांगाल का?

कोकणकडा:
आधी शेअर्सचं गणित मांडा, कारण फसगत तिथेच होते. 40 लाखांना चारने भागून वर्षाला 10 लाख धरू नका. कोणत्या वर्षी किती टक्के व्हेस्ट होतात, म्हणजे प्रत्यक्ष तुमच्या नावावर होतात, ते ग्रँटच्या (शेअर्स देण्याच्या) कागदात लिहिलेलं असतं. दरवर्षी सरळ 25 टक्के असेल तर ठीक. अ‍ॅमेझॉनची 5-15-40-40 ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे. तशी असेल तर पहिल्या वर्षी 2 लाख, दुसऱ्या वर्षी 6, मग 16 आणि 16. जॉइनिंग बोनस ही पहिल्या वर्षांची भरपाई असते, वरची बक्षिसी नव्हे. दीड वर्षात बाहेर पडायचं मनात असेल तर शेअर्समधून कागदावर दिसतं त्याच्या निम्मंही हाती येत नाही.

दुसरं, शेअर्सची संख्या सुरुवातीच्या भावावर ठरते आणि मग बदलत नाही. भाव 30 टक्के पडला की 40 लाखांचे 28 झाले.

तिसरं, व्हेस्ट झाले त्या दिवशीची पूर्ण किंमत पगारातच धरली जाते. तुमच्या पगाराला 30 टक्क्यांचा स्लॅब आणि त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे 31.2 टक्के. 100 शेअर्स व्हेस्ट झाले तर 31-32 करापोटी लगेच विकले जातात, खात्यात 68-69 दिसतात. एकूण उत्पन्न 50 लाखांवर गेलं की सरचार्जही (करावरचा जादा कर) लागतो.

जॉइनिंग बोनसचं कलम तर दोनदा वाचा. 6 लाखांतले करकपातीनंतर हातात येतात साधारण 4 लाख 13 हजार. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत किती मागणार, 6 की 4.13? पुष्कळ कंपन्या पूर्ण 6 मागतात. काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम कमी होईल का, हे एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवर दिलेला शब्द धरायचा नाही.

दगडफूल:
तुकड्यावर काम करावं लागणार हे खरंच आहे. पण त्या तुकड्यावर एवढा भार असतो की 40 जणांच्या कंपनीत जे कधी दिसणारच नाही ते रोज दिसतं.

एक उदाहरण घ्या. एकामागे एक अशा तीन सर्व्हिसेस (एकमेकींना कॉल करणारे प्रोग्राम) आहेत, शेवटची डेटाबेसला कॉल करते आणि प्रत्येकीत कॉल फसला तर एकूण तीनदा प्रयत्न करायचा असं लिहिलंय. कोड रिव्ह्यूत कुणालाच काही वावगं वाटणार नाही. पण तळातला डेटाबेस जरा अडखळला की वरच्या एका विनंतीमागे त्याच्यावर 3×3×3, म्हणजे 27 प्रयत्न आदळतात, आणि अडखळलेला डेटाबेस पुरता झोपतो. मग कळतं की रिट्राय (फसलेला कॉल पुन्हा करणं) एकाच थरात ठेवायचा, दोन प्रयत्नांमधलं अंतर दरवेळी वाढवायचं आणि त्यात थोडी यादृच्छिकता घालायची, नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी परत येतात. हे वाचून समजतं, पण भिनतं ते अशा भाराखालीच. मोठ्या कंपनीचा सर्वांत मोठा फायदा माझ्या मते हाच, पगार त्याच्यानंतर.

तोटा अवजारांचा. गूगलमध्ये बोर्ग (हजारो मशीनवर प्रोग्राम चालवणारं) आणि ब्लेझ (कोड बिल्ड करणारं) ही स्वतःची अवजारं वापरतात. बाहेर त्यांचे नातेवाईक कुबरनेटिस आणि बेझल मिळतात, पण हात नव्याने बसवावा लागतो. इतर मोठ्या कंपन्यांतही घरची अवजारं असतातच. चार वर्षांनी बाहेर मुलाखत देताना साधी टेराफॉर्मची (सर्व्हर वगैरे कोड लिहून उभे करायचं बाहेरचं अवजार) फाइल लिहिता आली नाही तर ते खटकतं. तेव्हा तो सराव सोडू नका.

रातराणी:
कंपनीच्या नावापेक्षा टीम कोणती ते बघा. होणाऱ्या मॅनेजरशी अर्धा तास मागून घ्या. मिळतो. त्यात हे विचारा:

ऑन-कॉल (सिस्टीम बिघडली तर कधीही धावायची पाळी) किती आठवड्यांनी येतो आणि गेल्या महिन्यात रात्री किती पेज (बिघाडाचे इशारे) आले? गूगलच्या एसआरई (सिस्टीम चालू ठेवणाऱ्या) टीमने जाहीर केलेला दंडक कामी येतो: 12 तासांच्या पाळीत जास्तीत जास्त 2 घटना, आणि एकाच ठिकाणची टीम असेल तर पाळीला निदान 8 माणसं. चार जणांत दिवसरात्र फिरवत असतील तर महिन्यातला एक आठवडा झोपेचं खोबरं होणार.

सर्व्हिसची पूर्ण मालकी हैदराबादकडे आहे का, की डिझाइन अमेरिकेत ठरतं आणि इथे फक्त तिकिटं (नेमून दिलेली सुटी कामं) येतात? हा प्रश्न बढतीशी थेट जोडलेला आहे. वरच्या लेव्हलसाठी तुम्ही स्वतः लिहिलेलं आणि इतर टीम्सनी मान्य केलेलं डिझाइन डॉक्युमेंट दाखवावं लागतं. ते लिहायची संधीच नसेल तर कितीही राबा, कॅलिब्रेशनमध्ये (रेटिंग आणि बढत्या ठरवायच्या मॅनेजरांच्या बैठकीत) मॅनेजरकडे बोलायला मुद्दा नसतो.

मीटिंगा किती वाजता? कॅलिफोर्नियातले सकाळचे 9 म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. आठवड्यात दोन असतील तर निभतं, रोज असतील तर घरच्यांना आधी विचारा.

आणि कायमची नोकरी समजून जाऊ नका. जानेवारी 2023 मध्ये गूगलने 12,000 आणि मायक्रोसॉफ्टने 10,000 जणांची कपात जाहीर केली होती. अख्खी प्रकल्पशाखा बंद होते तेव्हा चांगलं रेटिंग वाचवत नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढूनच हैदराबादचं घर ठरवा.

घाटवाट:
खूप आभार! मॅनेजरशी बोलणं मागितलंय. कोकणकडा, परदेशी शेअर्स म्हटल्यावर रिटर्न वेगळं भरावं लागतं का?

कोकणकडा:
हो. परदेशी शेअर्स नावावर असले की आयटीआर-1 चालत नाही, तुमच्यासारख्या पगारदाराला आयटीआर-2 भरावा लागतो. त्यात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) असतं आणि लोक नेमके तिथे चुकतात: बाकी रिटर्न एप्रिल ते मार्चचं, पण हे शेड्यूल जानेवारी ते डिसेंबरचं. एकही शेअर विकला नसला तरी ते भरायचं.

विकताना नफा मोजायचा तो व्हेस्टच्या दिवशीच्या भावापासून, कारण तिथवरचा कर पगारात भरलेला असतो. 24 महिन्यांहून जास्त ठेवले तर नफ्यावर 12.5 टक्के अधिक सेस, त्याआधी विकले तर स्लॅबप्रमाणे. डिव्हिडंडवर अमेरिकेत 25 टक्के कापले जातात, त्याचं क्रेडिट इथे मागता येतं. ब्रोकरच्या साइटवरून दर जानेवारीत मागच्या वर्षाचं स्टेटमेंट उतरवून ठेवा. नोकरी सोडल्यावर कंपनीचा ईमेल बंद होतो आणि लॉगिन त्याच ईमेलवर असेल तर खात्यात शिरणंच अवघड होऊन बसतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिथे स्वतःचा ईमेल जोडा.