टाळेबंदीत तुमच्या घरी किराणा कसा आला?

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. महाराष्ट्रात संचारबंदी तर आदल्याच दिवशी जाहीर झालेली. किराणा, दूध, भाजी, औषधं चालू राहतील असं पुन्हा पुन्हा सांगत होते, तरी दुकानांपुढे रात्रीच झुंबड उडाली. पुढचे दोन महिने प्रत्येक घरात एकच हिशेब चालू होता: डब्यात काय आहे आणि ते किती दिवस पुरेल.

त्या काळातल्या आजाराबद्दल, रुग्णालयांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. घरातल्या डब्यांबद्दल फार कमी. म्हणून हा धागा. तुम्ही कुठे होता, सामान कुणी आणून दिलं, काय मिळालं नाही, कशावर भागवलं, जसं आठवेल तसं लिहा. दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी, वाटप करणाऱ्यांनी तर नक्की लिहा. माझं मत आधीच सांगून टाकते. ज्यांना आजूबाजूला कुणी ओळखत होतं त्यांचं निभावलं, आणि ज्यांना त्या गावात ओळखणारं कुणी नव्हतं त्यांचे खरे हाल झाले. खिशात पैसे किती हा प्रश्न त्यानंतरचा. तुमचा अनुभव याच्या उलट असेल तर तोही हवाच आहे.

आम्ही पुण्यात, सिंहगड रस्त्याला. वर्षाचे गहू भरायचे दिवस होते आणि सासऱ्यांनी गावाहून पोतं आधीच पाठवलं होतं. गहू घरात, पण कोपऱ्यावरचा गिरणीवाला गावी गेलेला. दुसरी गिरणी लांब, ती सकाळी थोडा वेळ उघडायची. तिथे रांग डब्यांची असायची, झाकणावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली, आणि माणसं समोरच्या झाडाखाली अंतर ठेवून उभी. दळण दुसऱ्या दिवशी मिळायचं. तोवर सासूबाई मिक्सरवर गहू भरडून सांजा करायच्या, कधी गव्हाची खीर. एप्रिलमध्ये मार्केट यार्ड बंद झालं तेव्हा भाजी दिसेनाशी झाली. मग सांडगे, मोडाची मटकी, डाळकांदा, पिठलं. त्या वर्षी वाळवणाचे डबे जूनच्या आत रिकामे झाले.

सांगली जिल्हा, किराणा दुकानदार

ताई, दुकानदारांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. आमचं दुकान वडिलांपासूनचं, तालुक्याच्या गावात. संचारबंदी जाहीर झाली त्या संध्याकाळी लोक यादी न घेता आले. साखर दहा किलो द्या, तेलाचा डबा द्या, जे हाताला लागेल ते द्या. महिना काढेल एवढा माल दोन दिवसांत उठला.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. घाऊक बाजारात माल होता, पण उतरवायला हमाल नाहीत. टेम्पोला पास लागायचा. कंपन्यांचे सेल्समन यायचे बंद झाले, त्यामुळे बिस्किटं, साबण, चहा आम्हीच डीलरच्या गोडाऊनवरून उचलायचो. ट्रकवाले यायला तयार नव्हते, कारण वाटेत एक ढाबा उघडा नाही, ड्रायव्हरनं जेवायचं कुठं? आधी डीलर पंधरा दिवसांची मुदत द्यायचा, आता रोख मागायला लागला. आणि गिऱ्हाईक नेमकं त्याच वेळी उधार मागत होतं. दोन्हीकडून दुकानदार सापडला.

तूरडाळीचा, तेलाचा भाव चढला तेव्हा लोक तोंडावर लुटारू म्हणाले. काही दुकानदारांनी संधी साधली, हे खरं आहे. त्यांची बाजू मी घेणार नाही. मी माझी खरेदीची बिलं काउंटरच्या काचेवर चिकटवून ठेवली होती. ज्याला बघायचं त्यानं बघावं.

पुड्या बांधणारी दोन्ही पोरं गावी गेली होती. मग रात्री जेवणं झाली की मी, बायको, आई आणि थोरला मुलगा असे चौघं बसायचो. साखर, शेंगदाणे, पोहे, साबुदाणा, सगळं किलो-अर्धा किलो करून ठेवायचं, कारण सकाळी उघडं ठेवायला मोजके तास मिळायचे. याद्या व्हॉट्सॲपवर यायच्या. एका आजींची यादी वहीच्या पानावर, फोटो काढून नातवानं पाठवलेली. त्यात ‘नेहमीचा चहा, नेहमीची हिंग’ एवढंच. त्यांचा नेहमीचा चहा कुठला ते मला पाठ होतं. नव्या राहायला आलेल्या माणसाला हे कसं जमणार? त्या अर्थी तुम्ही ओळखीचं म्हणता ते पटतं.

उधारीच्या वहीबद्दल थोडं. पगारदारांना काही झळ नव्हती. मार खाल्ला तो बँडवाल्यांनी, मंडपवाल्यांनी, सलूनवाल्यांनी, वडापच्या, म्हणजे खाजगी प्रवासी जीपच्या, ड्रायव्हरांनी. लग्नसराई पूर्ण बुडाली. बँड पथकातला एक जण दर महिन्याला तेलाचे पाच पुडे न्यायचा. मे महिन्यात तो घरून बाटली घेऊन आला आणि पावशेर सुटं तेल मागितलं, तेही दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून. मी एक किलोचा पुडा पिशवीत टाकला आणि वहीत लिहिलं. त्यानं नको म्हटलं नाही, वर बघितलंही नाही. वहीतले बरेच पैसे पुढच्या दोन वर्षांत आले. काही आलेच नाहीत, ती पानं मी बंद केली.

म्हापसा, गोवा

आमच्याकडे प्रकार वेगळाच झाला. २२ मार्चचा जनता कर्फ्यू गोव्यात पुढे वाढवत नेला आणि त्यात किराणा दुकानंसुद्धा बंद. लोकांना वाटलं रविवारचा एक दिवस आहे, म्हणून कुणी साठा केला नव्हता. रोजच्या रोज बाजार करायची इथल्या घरांची सवय. सकाळी पोदेर पाव घेऊन येणार, नुस्तेवाली, म्हणजे मासे विकणारी, दारात येणार, भाजी संध्याकाळी. फडताळात महिन्याचा माल भरून ठेवणारी घरं कमीच. त्यात गोव्याची भाजी येते बेळगावहून, आणि राज्याच्या सीमा बंद. चोर्ला घाटातून येणारे टेम्पो थांबले की आमच्या बाजारात उरतं काय?

लोकांचा आरडाओरडा झाला, मग काही दिवसांनी दुकानं उघडली, चोवीस तास उघडी ठेवायचीही परवानगी दिली. पण ते मधले दिवस फार वाईट गेले. आमच्या वाड्यावर एक म्हातारं जोडपं, मुलं परदेशात. आमच्याकडे उकडे तांदूळ होते, शेजारच्यांच्या परसात केळी आणि तांबडी भाजी, कुणाकडे सुके बांगडे आणि सोलं. कुंपणावरून देवाणघेवाण चालायची. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे यातलं काहीच नव्हतं. ती त्या दिवसांत नुसत्या पेजेवर राहिली.

चाकण, वाटपाच्या कामात होतो

धाग्याच्या सुरुवातीला जे लिहिलंय ते आम्ही रोज बघत होतो. कंपन्यांच्या आसपासच्या खोल्यांमधून बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशची पोरं राहतात, एका खोलीत पाच-सहा. काम बंद, कंत्राटदाराचा फोन बंद, मेस बंद. रेशनकार्ड गावी. एक देश एक शिधापत्रिका योजनेत तेव्हा महाराष्ट्र होता, पण उत्तर प्रदेश आणि बिहार त्यात १ मे २०२० पासून आले. म्हणजे एप्रिल महिन्यात, जेव्हा गरज सगळ्यात जास्त होती, त्यांचं कार्ड इथं कामाचं नव्हतं. मोफत पाच किलो धान्य कार्डवाल्यांना. बिनकार्डाच्या मजुरांसाठी केंद्राची घोषणा झाली ती मेच्या मध्यावर, आणि तोवर हजारो लोक चालत निघून गेले होते.

आम्ही किट द्यायचो. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, मीठ, हळद-तिखट, साबण. एका चाळीत दुसऱ्यांदा गेलो तर पहिल्या किटमधले तांदूळ तसेच. मला आधी कळेना. एका पोरानं कोपऱ्यातली शेगडी दाखवली. यांच्याकडे लहान टाकी असते, घरगुती कनेक्शन नसतं. गॅस किलोवर भरून मिळतो, आणि ती भरून देणारी दुकानं बंद. तांदूळ आहेत, शिजवायचे कशावर? बाहेर चूल मांडली तर घरमालक ओरडणार, पोलीस हटकणार. त्यानंतर आम्ही कोरडा शिधा कमी करून शिजवलेलं अन्न वाढवलं. शिवभोजन थाळी तेव्हा दहावरून पाच रुपयांवर आणली होती, जिथं केंद्र जवळ होतं तिथं तिचा खूप आधार झाला. पण केंद्रापर्यंत जायचं तरी दांडके खायची भीती.

या पोरांनी मागितलेली आणखी एक गोष्ट म्हणजे मोबाइलचं रिचार्ज. घरी बोलता आलं पाहिजे, हे त्यांना जेवणाइतकंच महत्त्वाचं होतं.

जव्हार भाग, जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका

शाळा बंद झाल्या तेव्हा शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य शाळेत शिल्लक होतं. ते पालकांना वाटून टाकायचा आदेश आला. आम्ही वजनकाटा शाळेच्या ओट्यावर मांडला, एकेका पाड्याला वेळ ठरवून दिली. पहिल्या दिवशी पटावर नाहीत अशीही मुलं आली. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं परत आली होती, त्यांची मुलं. यादीत नाव नाही म्हणून त्यांना परत कसं पाठवायचं? मुख्याध्यापक आणि आम्ही मिळून त्यांच्यासाठी गावातल्या दुकानातून डाळ-तांदूळ घेतला.

धान्यापेक्षा मीठ-तेल-मिरचीची चणचण जास्त होती. रेशनला तांदूळ मिळाला, पण बाकीचं रोख पैशानं घ्यावं लागतं, आणि रोख पैसा भट्टीवाल्याकडे अडकलेला. त्या उन्हाळ्यात मोहाचा, करवंदांचा, कंदांचा आधार झाला तो जंगल जवळ होतं म्हणून.

लेस्टर, इंग्लंड

मी तेव्हा शिकायला होतो. भारतीय दुकानांची कमी नाही या शहरात, तरी मार्चअखेर कणकेची दहा किलोची बॅग दिसेना. दिसली तर एका घराला एकच. सुपरमार्केटमध्ये पास्ता, मैदा, अंडी, सगळी फडताळं मोकळी. देशात पीठ संपलंय असं लोक म्हणायचे. नंतर कळलं की गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या. इथलं जेमतेम चार टक्के पीठ दुकानातून घरी जातं, बाकी सगळं बेकऱ्या आणि कारखान्यांना मोठ्या पोत्यांत किंवा टँकरनं. लहान पिशव्या भरायची यंत्रंच मोजकी. एकदम सगळा देश घरी पाव भाजायला लागला तर पिशव्या कुठून आणणार?

घरपोच सामानासाठी रात्री बारा वाजता संकेतस्थळ उघडून बसायचो, तोवर सगळ्या वेळा भरलेल्या. आमच्या वरच्या मजल्यावर एक गुजराती काका-काकू, दोघेही सत्तरीच्या पुढचे. त्यांना दुकानात सकाळची राखीव वेळ होती, पण बाहेर पडायची भीती. मी त्यांचं सामान आणायचो, काकू मला डबा द्यायच्या. २९ जूनला लेस्टरवर पुन्हा स्थानिक टाळेबंदी लागली, देशातली पहिली, तेव्हा हीच व्यवस्था पुन्हा कामी आली.

नाशिक, द्राक्ष बागायतदार

चाकणच्या दादांनी लिहिलेलं वाचून रात्री झोप लागली नाही. कारण त्याच एप्रिलमध्ये माझ्या बागेत माल वेलीवर पिकून गळत होता. निर्यात अडली, व्यापारी फिरकेना, तोडायला मजूर नाहीत. माणसं उपाशी आणि इकडे माल मातीत. शेवटी मुंबईतल्या दोन-तीन सोसायट्यांशी एका भाच्यानं जुळवून दिलं, आणि आम्ही द्राक्षांबरोबर गावातला कांदा, टोमॅटो, मेथी अशा पिशव्या भरून थेट गेटवर उतरवल्या. भाव मला बाजारापेक्षा बरा मिळाला, त्यांनाही ताजं मिळालं. पण ती सोय सोसायट्यांची झाली. शेजारच्या चाळीत गाडी उभी करायला कुणी सांगितलं नाही, आम्हालाही रस्ता माहीत नव्हता.

पुणे, माझी आई घरकाम करते, तिचं तिच्याच शब्दांत लिहिते आहे

आमी पाच घरची कामं करायचो. गेटवर वॉचमननं सांगितलं, आता यायचं नाही. दोन मॅडमनी पगार दिला, घरी बोलवून न्हाई, मुलीच्या फोनवर टाकला. बाकीच्यांनी फोन उचलला नाही. रेशनकार्ड केशरी, ते बी गावचं, बार्शीकडचं. केशरीवाल्यांना मे महिन्यापासून माणशी तीन किलो गहू आन दोन किलो तांदूळ, आठ रुपये आन बारा रुपये किलोनं, असं टीव्हीवर सांगितलं. मी दुकानात गेले तर तुमचं नाव इथं न्हाई म्हणाला. पंधरा वर्षं झाली इथं राहून. माझ्या भावानं गावाकडून ज्वारी धाडायची म्हटलं, पर गाडी कुठली? शेजारच्या बाईच्या कार्डावर तिनं तिचं धान्य घेतलं आन त्यातलं मला अर्धं दिलं. तिची बी तीन लेकरं होती.

जुलैत पुण्यात परत सगळं बंद केलं, पहिले पाच दिवस किराणा दुकानं बी बंद. तवा मात्र मी आदल्या दिवशी भाकरीचं पीठ, मीठ-मिरची आन दोन किलो कांदे भरून ठेवले.

(पुढचं मी, तिची मुलगी.) आम्ही नंतर कार्ड इथं बदलून घेतलं. त्याला गावातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, मग भाडेकरार, मग घरमालकाची सही. घरमालक सही द्यायला तयार नव्हते, वीजबिलावर भागवलं. माझं आणि भावाचं नाव लागलं आहे. आजीचं नाव अजून गावच्या कार्डावर आहे, तिच्या अंगठ्याचे ठसे मशीनवर येत नाहीत म्हणून ते अडलंय. कुणाला यातला मार्ग माहीत असेल तर इथे कृपया लिहा.